मांडव रिकामा आहे तोवर

होळी होऊन चार दिवस झाले होते. मी मागच्या ओट्यावर सुपात पावटे घेऊन बसले होते आणि भाऊजी परसात टेप लावून मापं घेत होते. टेपचं एक टोक शेवग्याच्या बुंध्याशी दगडाखाली दाबलेलं, दुसरं त्यांच्या हातात. आमची परसबाग दोन गुंठ्यांची, म्हणजे 2178 चौरस फूट. त्यातून विहीर, जुन्या गोठ्याची जागा आणि पायवाट वजा केली की वाफ्यांना उरतात जेमतेम 1400. वाईत सून म्हणून आले त्या वर्षापासून ही माती माझ्या हाताखाली आहे. भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पुण्यात राहतात आणि महिन्यातून एकदा दोन दिवसांसाठी येतात. येताना डोक्यात काहीतरी घेऊनच येतात.

“वहिनी, मांडव 14 बाय 22 आहे. त्यावर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी टाकू, खाली गादीवाफे करू, वाफ्यांतून ठिबक फिरवू. मे महिन्यातसुद्धा कोथिंबीर निघेल.”

“मे महिन्यात कोथिंबीर कशाला?”

“कशाला म्हणजे? आमटीवर घालायला.”

इथून सुरू झालेलं बोलणं दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली तरी चाललं होतं. ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण भाऊजींचे बरेच मुद्दे खरे होते आणि माझेही मला सोडवत नव्हते.

“मला एक सांगा,” ते पायरीवर टेकत म्हणाले, “वर्षातून किती दिवस तुमची भाजी घरची असते?”

मी बोटांवर मोजलं. मृगात टोकलेली भेंडी-गवार श्रावणात हाताशी येते. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मांडव भरलेला: दोडका, पडवळ, कारली, काकडी, आणि खाली आळ्यातून पसरलेला लाल भोपळा. पाऊस सरला की मेथी, पालक, चाकवत, मुळा. दिवाळीनंतर वांगी. संक्रांतीच्या आगेमागे तर भाजी द्यायला माणसं शोधावी लागतात. होळीला शेवगा. मग मात्र ओहोटी लागते. चैत्र-वैशाखात मोरीच्या पाण्यावरचं अळू, कुंपणावरची तोंडली, आपसूक उगवलेली तांदळी आणि झाडाच्या कैऱ्या. एवढ्यावर रोजचं घर चालत नाही.

“म्हणजे अडीच महिने बाजार,” भाऊजी म्हणाले. “आणि नेमके तेच महिने, जेव्हा भाजी महाग असते. बाग असून उन्हाळ्यात पिशवी घेऊन बाहेर पडावं लागत असेल, तर ती हौस झाली. अन्न नाही झालं.”

हे मला लागलं. उन्हाळ्यात पावशेर गवार घेताना बाया दोनदा भाव विचारतात आणि मग गवार खाली ठेवून पुढे जातात, हे मीही बघते. माझ्याकडे पेन्शन आहे म्हणून मला ते महिने हलके जातात.

“कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हेच तर सांगायचे,” भाऊजींना आता रंग चढला होता. “गणिताचा माणूस. नीट योजना केली तर 10 गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब चांगलं जगतं, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे त्याचा पाचवा हिस्सा जमीन आणि खाणारं माणूस एक. मग प्रमाण तेच झालं की नाही?”

“दाभोळकरांचा हिशेब उन्हाचा होता, भाऊजी. पानावर पडलेलं ऊन वाया जाऊ द्यायचं नाही, असा.”

“तेच म्हणतोय मी! मे महिन्यात तुमचं ऊन रिकाम्या मातीवर पडतं.”

क्षणभर मला काही सुचलं नाही. मग मी सूप बाजूला ठेवलं आणि त्यांना मांडवाखाली घेऊन गेले.

त्या जागेत माझा सगळ्यात जुना वैरी आहे, लव्हाळा. वरून चिमटीएवढं गवत, उपटलं की हातात येतं आणि आठ दिवसांत पुन्हा उभं. कारण खाली गाठींची माळ असते. पावसाळ्यात भांगलून भांगलून कंबर गेली तरी तो हटत नाही. त्याला एकच उपाय मला सापडलाय. फाल्गुनात वेलांचा पाचोळा काढायचा, पाणी पूर्ण तोडायचं, ढेकळं उलटी करून ठेवायची आणि चैत्र-वैशाखाचं ऊन त्या गाठींवर पडू द्यायचं. सुकून त्या खडखडीत होतात. हुमणीच्या अळ्याही वर येतात, साळुंख्या टिपून नेतात. आणि फळमाशी. दोडक्याला, कारल्याला कोवळेपणीच ती डंख मारते, आत अंडी घालते. फळ वाकडं होतं, पिवळं पडतं, कापलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. त्या अळ्या मातीत उतरून कोषात जातात आणि तिथून नवी माशी. बारा महिने मांडवावर कोवळं फळ ठेवलं तर माशीला बारा महिने पाळणा मिळेल.

“कुंपणावर तोंडली आहेतच की,” भाऊजी म्हणाले. “त्यांच्यावर नाही का माशी येत?”

“येते. म्हणून ती संपत नाही. पण कमी होते. ज्या वर्षी यांच्या आजारपणात उन्हाळी काकडी मांडवावर तशीच राहून गेली, त्या पावसाळ्यात दहातली सहा कारली मी फेकून दिली.”

हा मांडव यांनीच बांधलेला. बाभळीच्या खांबांवर तारा ताणून. यांना जाऊन सहा वर्षं झाली, तारा तेवढ्या एकदा बदलल्या. भाऊजी खांबाला हात लावून उभे राहिले. दोघंही जरा वेळ बोललो नाही.

पुन्हा ओट्यावर आलो. भाऊजींनी सुपातला एक पावटा उचलून उजेडात धरला. बियाला ठेवायचे पावटे मी निवडत होते. भुंग्याचं बारीकसं छिद्र असेल तर तो खाण्याच्या डब्यात, अगदी भरीव, चकचकीत असेल तरच बियाच्या. मग त्याला चुलीची चाळलेली राख चोळायची आणि बरणीत. हा वाण सासूबाईंकडून माझ्याकडे आला. त्यांच्याकडे कुठून आला, ते मी विचारायचं राहून गेलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला होता, “अगं, तू घरात करतेस तेच की.” मी त्याला म्हटलं, नाही रे. मी एक वाण राखला. त्या बाईंनी गावोगावचे शेकडो वाण राखले आणि वाटले. वाटणं ही मोठी गोष्ट आहे.

“याचंच उदाहरण घ्या,” मी भाऊजींना म्हटलं. “हा पावटा मी मृगात टोकते. आषाढ-श्रावणात त्याला पाणी आहे, खत आहे, सगळं कुंपण तो झाकून टाकतो. पण फूल म्हणून नाही. तुरे येतात ते दसऱ्यानंतर, दिवस लहान व्हायला लागले की. एका वर्षी उशिरा, मघा नक्षत्रात टोकला, तरी फुलला त्याच सुमाराला. वेल तेवढा आखूड राहिला. त्याला कितीही ठिबक द्या, तो तुमचं ऐकणार नाही.”

“रात्र किती लांबली ते झाडाला कळतं, हे शास्त्रच आहे,” भाऊजी म्हणाले. “पण बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेनं अर्का जय म्हणून बुटका वाल काढलाय. त्याला दिवसाच्या लांबीचं बंधन नाही. केव्हाही लावा, शेंगा येतात. त्यांनी ते उगाच नाही केलं. लोकांना शेंगा जूनमध्येही हव्या असतात.”

“मग भोगीच्या भाजीत पावट्याचं कौतुक ते काय राहिलं?”

भाऊजी हसले नाहीत. “वहिनी, वाट बघण्याची गोडी पोट भरलेल्याला असते.”

हे वाक्य मी त्या दिवसापासून बाळगून आहे. ते खोडता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, की आमच्या सासूबाईंचं पोट काही नेहमी भरलेलं नव्हतं आणि तरीही भोगीच्या आदल्या दिवशी त्या पावट्याच्या पहिल्या ओंजळीला हात लावू देत नसत. त्यांच्या लेखी उपास आणि वाट बघणं या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

त्यावरून गाडी चातुर्मासावर गेली. आमच्या घरी आषाढी एकादशीपासून वांगं बंद. कांदेनवमीला कांद्याची आणि वांग्याची शेवटची हौस पुरवून घ्यायची, आणि वांगं पुन्हा ताटात येतं ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याला, भरीत-रोडग्याचं. मी भाऊजींना वाफ्याचा हिशेब सांगितला: मृगात वांग्याचं बी टाकायचं, आषाढात रोप उपटून लावायचं, फळ येतं दिवाळीच्या पुढेमागे. पावसाळ्यात जे वांगं असतं ते गेल्या हंगामातल्या थकलेल्या झाडाचं, आणि त्याच्या शेंड्यात, फळात अळी घुसलेली. परसात वांगं नसतं तेव्हाच ताटात नसतं. वाफा आणि नेम एका चालीनं चालतात.

“हे तुम्ही नंतर जुळवलंत,” भाऊजी म्हणाले. “नेम करणाऱ्यानं अळ्या मोजल्या नव्हत्या.”

“मोजल्या होत्या असं मी कुठे म्हणते? नेम का झाला ते मला ठाऊक नाही. पण माझ्या वाफ्यात तो बसतो, एवढं मला दिसतं. ऋषिपंचमीचं तर उघडच आहे. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. मग नांगराशिवाय पिकलेलं कुठून आणायचं? परसातून. हातानं खणलेल्या आळ्यातून. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, मक्याचं कणीस. त्या एका भाजीसाठी तरी घरामागे खुरपं चालत राहिलं.”

“आणि सण मागेपुढे होतात त्याचं काय? गेल्या वर्षी ऋषिपंचमी 28 ऑगस्टला होती. यंदा अधिक महिना आलाय, 15 सप्टेंबरला येईल. तुमच्या पडवळाला कोणी कळवायचं?”

पडवळाला कळवावं लागत नाही, कारण पेरणी मी तिथीवर करत नाही. मृग दरवर्षी जूनच्या 7-8 तारखेलाच लागतं, आर्द्रा 21-22 ला. नक्षत्रं सूर्याची, सण चंद्राचे. टोकायचं सूर्याला बघून आणि खायचं चंद्राला बघून, अशी ही दुहेरी शिवण आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी पंचमीच्या भाजीत मका नुसता दुधाळ असतो, एखाद्या वर्षी निबर होऊन दाताखाली येतो. भाजी तीच, चव दरवर्षी जराशी सरकलेली. मला हे फार आवडतं. भाऊजींनाही आवडलं असावं, कारण त्यांनी खिशातून डायरी काढून मृग-आर्द्राच्या तारखा टिपून घेतल्या.

पण लगेच त्यांनी माझं दुखणं बोट ठेवून दाखवलं. “सूर्याला बघून टोकता ना? मग गेल्या वर्षी आल्याचं काय झालं?”

काय झालं ते त्यांना माहीत होतं. 2025 साली अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला आली. त्या दिवशी आलं आणि हळद लावायची, ही आमच्याकडची जुनी रीत. कडक उन्हात बेणं मातीत बसतं, बेताच्या पाण्यावर डोळे फुटतात आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत कोंब जोम धरतात. मी चार किलो आलं लावलं, नेहमीसारखं सपाट वाफ्यात. मेच्या मध्यापासून जे आभाळ फाटलं ते थांबेना. 25 मेला मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाल्याचं जाहीर झालं, 26 ला मुंबईत. रोहिणी लागते त्या 25 तारखेलाच! मृगाला अजून दोन आठवडे होते. महाबळेश्वर इथून जेमतेम 30-32 किलोमीटर, पण तिथला मुसळधार पाऊस पसरणीचा घाट उतरेपर्यंत विरळ होतो, या भरवशावर मी इतकी वर्षं वाफे केले. त्या मे महिन्यात वाफ्यात पाणी साचून राहिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोंब पिवळे पडले म्हणून उकरलं, तर बेणं बोटानं दाबताच पिचकलं आणि त्याला कुजका दर्प. चार किलोतलं मूठभरही वाचलं नाही.

“गादीवाफा असता तर पाणी वाहून गेलं असतं,” भाऊजी म्हणाले.

“असतं. मान्य आहे.”

“नक्षत्रांची सगळी गणितं ज्या पावसावर बांधली, तो पाऊसच आता तारखा पाळत नाही. तुम्ही मात्र पाळताय. मग माझी जाळी, माझं ठिबक याला तुम्ही नवीन खूळ का म्हणता? बदललेल्या पावसाला तेच तर उत्तर आहे.”

मी खूळ म्हटलं नव्हतं, पण मनात म्हटलं असेन. उत्तर द्यायच्या ऐवजी मी त्यांना गेल्या श्रावणातल्या एका पहाटेची आठवण करून दिली.

तेव्हा ते इथेच होते. आठ दिवस भुरभुर लागलेली, ऊन नाही, आणि भोपळ्याची एकेक कळी पिवळी पडून गळत होती. मधमाशी पावसात बाहेर पडत नाही. मी साडेपाचला भाऊजींना उठवलं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं, तेवढाच अवधी. कंदिलाएवढी पिवळी फुलं पावसानं जड होऊन खाली वाकली होती. मी त्यांना दाखवलं: हे लांब, बारीक देठावरचं फूल नराचं. आणि हे मादीचं, याच्या पाकळ्यांखाली बोराएवढा भोपळा आधीपासूनच असतो, लव असलेला, हिरवागार. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात हलक्या हातानं फिरवायचा. भाऊजींच्या बोटाला केशरासारखा पराग लागला. त्यांनी तीन फुलं केली, मी चार. मग पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून प्रत्येक फुलावर अळूचं पान टोपीसारखं बांधलं. पाचव्या दिवशी सातांपैकी पाच बोरं लिंबाएवढी झाली होती. भाऊजी तोवर पुण्याला गेले होते आणि रोज सकाळी फोन करून विचारत होते, “माझे तिन्ही आहेत का?” त्यांचे दोन होते.

“पाऊस तेव्हाही चुकीचाच होता,” मी म्हटलं. “पण आपण पहाटे तिथे होतो म्हणून कळलं. ठिबकची तोटी उघडून घरात बसले असते, तर फळं गळून गेल्यावर कळलं असतं. रोज पाणी घालताना मी पानाखाली बघते, शेंड्याला बघते. बादली हे निमित्त आहे.”

भाऊजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वहिनी, मला कोथिंबिरीचं काही नाही. गेल्या महिन्यात आलो तेव्हा तुम्ही विहिरीपासून वाफ्यापर्यंत बादली आणताना मध्ये तीनदा थांबलात. आधी एकदाही थांबत नव्हतात. तुम्ही हे कोणाला सांगणार नाही, आणि बाग बंदही करणार नाही. म्हणून मापं घेतोय.”

माझे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात, हे खरं आहे. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. यांचं लक्ष असायचं तसंच भाऊजींचं लक्ष, असं वाटून घसा दाटला. मी उठून चहा टाकला.

चहा पिताना ठरलं ते असं. लिंबू, शेवगा, कढीपत्ता आणि केळीला ठिबक. ही झाडं घर धरून बसलेली आहेत, त्यांच्याकडे रोज वाकून बघायची गरज नाही. आल्या-हळदीला गादीवाफे, आणि यंदा अक्षय्य तृतीया 19 एप्रिलला आहे, त्याआधी ते तयार हवेत. जाळी मांडवावर नाही. विहिरीच्या भिंतीलगत, 6 बाय 10 फुटांत, वांग्या-मिरचीच्या रोपांसाठी. रोपं आषाढात निघाली की ती जागा मोकळी, आणि त्याआधी चैत्रभर तिथे त्यांची कोथिंबीर. कोथिंबीर उगवली तर दोन घरी वाटायची, ही माझी अट. ज्या बायांच्या हातून गवार खाली ठेवली जाते, त्यांच्या घरी. वाफ्यांना पाणी मीच घालणार, पण झारीनं, आणि विहिरीची मोटर वाफ्याजवळच्या टाकीत पाणी आणून सोडेल. अर्का जयचं बी भाऊजी आणणार. तो वाल विहिरीकडे, माझा पावटा पलीकडच्या कुंपणावर. दोन्ही मृगाला एकाच दिवशी टोकायचे. कुठला केव्हा फुलतो, याबद्दल भाऊजींच्या मनात अजून शंका आहे. माझ्या मनात नाही.

मांडव उन्हाळ्यात रिकामा राहणार.

ऊन उतरल्यावर भाऊजींनी कुदळ घेतली आणि मांडवाखालची ढेकळं उलटायला सुरुवात केली. मी सुपातले उरलेले पावटे निवडत होते. थोड्या वेळानं ते एक ढेकूळ दोन्ही हातांत धरून ओट्याशी आले, माझ्यापुढे फोडलं आणि त्यातल्या काळ्या गाठी एकेक करून पायरीवर मांडल्या.

“एका ढेकळात नऊ,” ते म्हणाले. “मुळांनी जोडलेली माळ होती.”

“हल्ली दर वर्षी तेवढ्याच निघतात.”

“मग उन्हाचा उपयोग काय?”

“आधी एका ढेकळात वीस निघायच्या.”

त्यांनी गाठी पुन्हा मोजल्या, डायरी काढली आणि तारीख घालून आकडा लिहिला.